अमेरिकेतल्या एका गाडीच्या इतिहासात इंदूरच्या महाराजांचं नाव एवढं महत्त्वाचं का आहे?

नागपुरात धरमपेठेत जुनी गाडी बघायला गेलात, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो. कितवा मालक? मालक जितके जास्त, तितका भाव खाली. पण दुर्मिळ अमेरिकन गाड्यांच्या बाजारात हे गणित उलटं फिरतं. तिथे जुन्या मालकाचं नाव मोठं असेल, तर गाडीची किंमत आभाळाला भिडते. अशाच एका नावाची ही गोष्ट. नाव आहे इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर, दुसरे.

होळकर म्हटलं की नागपूरकरांना आधी सी. के. नायडू आठवतील. नागपुरात जन्मलेले सी. के. होळकर संघाकडून खेळले आणि या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. पण महाराजांचा स्वतःचा जीव रमायचा तो चित्रं, शिल्पं आणि मोटारींत.

यशवंतरावांचा जन्म 1908 चा. त्यांना गादी मिळाली तीच एका खुनाच्या प्रकरणामुळे. 12 जानेवारी 1925 ला मुंबईत मलबार हिलवर मोटारीतून जाणाऱ्या अब्दुल कादिर बावलांवर दुसऱ्या मोटारीतून आलेल्या टोळीने हल्ला केला. बावलांचा जीव गेला. तपासाचे धागे इंदूर संस्थानापर्यंत पोचले. चौकशी आयोगाला सामोरं जाण्याऐवजी वडील तुकोजीरावांनी 1926 मध्ये गादी सोडली. यशवंतराव तेव्हा जेमतेम 17 वर्षांचे होते. शिक्षण इंग्लंडला, ऑक्सफर्डपर्यंत झालं. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार हातात आले 1930 मध्ये.

पत्नी संयोगिताराजे कागलच्या. या जोडप्याने जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियसकडून इंदूरला माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. झुंबरं आणि सिंहासनांचा थाट सोडून स्टील आणि काचेचं फर्निचर वापरणारे राजे त्या काळात किती असतील?

मोटारही तशीच निवडली. इंडियानापोलिसची ड्युसेनबर्ग कंपनी इंजिन आणि चॅसी बनवायची, वरची बॉडी मात्र गिऱ्हाइकाने आपल्या आवडीच्या कारागिराकडून करून घ्यायची. यशवंतरावांसाठी सुपरचार्जरवाल्या एसजे मॉडेलची चॅसी लंडनला गेली आणि गर्नी नटिंग या फर्मने तिच्यावर बॉडी चढवली. 6.9 लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, कंपनीच्या दाव्यानुसार 320 अश्वशक्ती, आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर जवळजवळ 13 फूट! रंग केशरी आणि काळा. अमेरिकेतल्या ‘मसल कार’ 1960 च्या दशकात आल्या. त्याच्या कितीतरी आधीचा हा दणका.

आता मुद्द्याचं. ड्युसेनबर्ग 1937 मध्ये बंद पडली. जे मालिकेच्या सगळ्या मिळून साधारण 480 गाड्याच बनल्या. मधल्या काळात अनेकांनी एका गाडीची बॉडी दुसरीवर चढवली, इंजिनं बदलली. त्यामुळे चॅसीवरचा आकडा, इंजिनावरचा आकडा आणि पहिल्या गिऱ्हाइकाची नोंद जुळते का, हे तपासावं लागतं. महाराजांच्या गाडीचं इंजिन जे-585, चॅसी 2614. अशा मालकीला काय भाव येतो? 2018 मध्ये अभिनेता गॅरी कूपरची ड्युसेनबर्ग लिलावात 2 कोटी 20 लाख डॉलरला गेली.

पण महाराजांच्या नशिबी ही हौस फार काळ नव्हती. 1937 मध्ये संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. त्यांचं वय होतं अवघं 23. पुढे यशवंतरावांनी दोन अमेरिकन स्त्रियांशी लग्नं केली आणि बराच काळ अमेरिकेत काढला. 1948 मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं. अमेरिकन पत्नीपासून झालेला मुलगा रिचर्ड असतानाही वारस म्हणून सरकारी मान्यता मिळाली ती संयोगिताराजेंची कन्या उषाराजे यांना. 5 डिसेंबर 1961 ला महाराज मुंबईत वारले.

त्यांचं वैभव जगभर पांगलं. ब्रांकुशीच्या पक्षी-शिल्पांपैकी संगमरवरी जोडी ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या संग्रहालयात गेली, माणिकबागेतलं फर्निचर 1980 मध्ये मोनॅकोत लिलावात विकलं गेलं. ड्युसेनबर्ग अमेरिकेत, संग्राहकांकडे पोचली. आणि माणिकबाग राजवाड्यात केंद्रीय अबकारी खात्याचं ऑफिस थाटलं गेलं.