योहान सेबास्टियान बाख : गाऊन शिकलेला विद्यार्थी

जर्मनी देशात आयसेनाख नावाचे एक नगर आहे. तेथील लॅटिन शाळेत शिकत असता मार्टिन लूथर दारोदार गाऊन भाकरी मिळवीत असे, ही गोष्ट आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी त्याच शाळेत शिकलेल्या आणि पुढे गळ्याच्या जोरावर आपले शिक्षण चालविलेल्या एका मुलाची हकीकत आज सांगावयाची आहे.

योहान सेबास्टियान बाख ह्याचा जन्म इ. स. १६८५ च्या मार्च महिन्यात झाला. घराणे वाजविणाऱ्यांचे, बाप नगराच्या चाकरीतला वादक. १६९४ साली आई वारली आणि पुढील वर्षाच्या आरंभी बापही गेला, तेव्हा मुलास दहावे वर्षही पुरे झाले नव्हते. थोरला भाऊ ओर्डुफ गावच्या उपासनामंदिरात ऑर्गन वाजवीत असे; त्याने त्यास आपल्या घरी नेले. परंतु भावाचाही संसार वाढत चालला. त्या शाळेत गरीब मुलांस सधन गृहस्थांच्या घरी फुकट राहण्याजेवण्याची सोय होत असे, ती बाखास मिळेना. शाळेच्या दप्तरात त्याच्या जाण्याचे कारण हेच नोंदलेले आहे.

आता पंधरा वर्षांच्या पोरक्या मुलाने काय करावे? सुमारे दोनशे मैलांवर ल्यूनेबुर्ग नगरात संत मीखाएलाचे मंदिर व त्यास जोडलेली शाळा होती. तेथे प्रातःकालच्या उपासनेत गाण्यासाठी सुमारे पंधरा जणांचा गायकवर्ग ठेवीत. त्यात गरिबांची पण उत्तम गळ्याची मुले घ्यावी, असा नियमच होता. गाण्याच्या मोबदल्यात शिक्षण, राहणे व जेवण फुकट, शिवाय थोडे हातखर्चास. १७०० च्या मार्च महिन्यात बाख व त्याचा वडील सोबती गेओर्ग एर्डमान हे दोघे निघाले. बहुतेक वाट त्यांनी पायीच तुडविली असावी. एप्रिलात गायकांस पैसे वाटले, त्या यादीत दोघांची नावे आहेत.

पण एक संकट त्याची वाटच पाहत होते. वरच्या पट्टीतील सुंदर आवाजामुळे त्यास आसरा मिळाला होता. एके दिवशी गाता गाता त्याच्या गळ्यातून एकदम दोन सप्तकांचे स्वर निघू लागले. आठ दिवस बोलणेही तसेच. मग तो बाल्याचा आवाज कायमचा गेला. ज्या गुणावर भाकरी होती तोच नाहीसा झाला, म्हणजे मुलाचा जीव किती धास्तावला असेल! तथापि मंडळीने त्यास घालवून दिले नाही. तो सुमारे दोन वर्षे ल्यूनेबुर्गातच राहिला, शिकला, आणि ऑर्गन ऐकण्यासाठी हॅम्बुर्गपर्यंत तीस मैल जाऊन येऊ लागला. फुटलेल्या आवाजाबरोबर त्यास बाहेर काढले असते, तर पुढचे काहीच झाले नसते, असे मला वाटते.

ह्या मुलाने पुढे गाणाऱ्या पोरांशी सदैव गोड वर्तन केले असे मात्र समजू नये. आर्नश्टाट येथे ऑर्गन वाजवीत असता, १७०५ साली, एका विद्यार्थ्याच्या वादनास त्याने हिणविले. त्यावरून भर रस्त्यात काठी व तलवार निघण्यापर्यंत मजल गेली. वरिष्ठांनी त्यास विद्यार्थ्यांशी जमवून घेण्याविषयी समज दिली.

१७२३ साली लाइप्झिग नगराच्या संत थोमा शाळेत गायनगुरूची जागा त्यांस मिळाली. (आता त्यांस अहोजाहो म्हटलेच पाहिजे.) येथे सुमारे पंचावन्न मुले गाण्याच्या बोलीवर फुकट राहत व शिकत, आणि दर रविवारी चार मंदिरांत गात. लग्नाला व प्रेतयात्रेलाही जात. एकेकाळी स्वतः ज्या पंक्तीस जेवले, तिचेच बाख आता वाढपी झाले. परंतु शाळेत भरती करताना गळा पाहिलाच जाई असे नव्हते. १७३० च्या ऑगस्टात त्यांनी नगरसभेस लांबलचक निवेदन लिहून मुलांची मोजदादच पुढे ठेविली : सतरा उपयोगी, वीस अद्यापि तयार न झालेली, सतरा निरुपयोगी. ज्यांस साधे भजनही जेमतेम म्हणता येई, ती संत पेत्राच्या मंदिराच्या वाट्यास जात. एखादा आजारी पडला तरी उपासना अडू नये म्हणून प्रत्येक सुरास निदान तीन मुले असावी, एवढेच त्यांचे मागणे. विद्यापीठातील तरुण पूर्वी गाण्यावाजविण्यास साह्य करीत, त्यांस सभा काही वृत्ती देत असे. ती बंद झाली तसे तरुणही येईनासे झाले. फुकट कोण राबणार, हा बाखांचा प्रश्न आजच्या मंडळ्यांनाही लागू पडतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी एक पत्र डान्त्सिगला पाठविले. ते कोणास? ल्यूनेबुर्गच्या वाटेवरील सोबती एर्डमान ह्यासच; तो आता रशियाचा वकील होता. वरिष्ठांस संगीताची आवड नाही, महागाई फार, हवा निरोगी असली म्हणजे अंत्यविधी कमी होऊन मिळकत घटते, गेल्या वर्षी अशाने शंभर थालरांवर नुकसान झाले, असे गाऱ्हाणे त्यात आहे. मृत्यू कमी झाले म्हणून कुरकुरणे विचित्र खरे. पण घरात लेकरे पुष्कळ होती. एर्डमानाने दुसरीकडे जागा पाहावी अशीही विनंती होती. जागा मिळाली नाही. पुढे १७३६ साली गाणाऱ्या मुलांचा नायक कोणी नेमावा ह्यावरून मुख्याध्यापकांशी त्यांचे भांडण जुंपले, आणि कोणाचे ऐकावे हे न कळून पोरांचे हाल झाले. ह्यात बाखांचाही हट्ट कमी नव्हता.

२८ जुलै १७५० रोजी ते देवाघरी गेले. त्यांच्या विधवेने रविवारच्या उपासनागीतांचे गाणारावाजविणारांसाठी उतरलेले कागद शाळेस दिले. ती स्वतः दहा वर्षांनी धर्मादायावर जगत असता वारली. जगाने त्यांची बरीच रचना बाजूस ठेविली, परंतु थोमा शाळेची मुले त्यांची काही गीते गातच राहिली. १७८९ साली मोझार्ट लाइप्झिगला आला, तेव्हा बाखांचा जुना शिष्य डोलेस तेथे गायनगुरू होता. त्याच्या मुलांनी १४९ व्या स्तोत्रावरील बाखांचे गीत पाहुण्यास ऐकविले. मोझार्ट थक्क होऊन ऐकत राहिला. शाळेत अशी आणखी गीते आहेत असे कळताच त्याने ती मागितली. सर्व स्वर एकत्र मांडलेली प्रत नव्हती, फक्त मुलांच्या हातचे सुटे कागद होते. म्हणून ते गुडघ्यांवर व आजूबाजूच्या खुर्च्यांवर पसरून तो वाचीत बसला, आणि सगळे संपेपर्यंत उठला नाही, असे सांगतात.