लोखंडी नांगराचे लक्ष्मणराव

मराठी माणूस नोकरीत रमतो, धंद्यात पडत नाही, असे बोलणे आपल्या कानांवर नेहमी येते. लग्नाच्या मांडवात येते, सभेत येते, आणि कधी कधी ते बोलणारे आपणच असतो. आम्हांला ते पटत नाही. परंतु नुसते पटत नाही म्हणून भागत नाही, उदाहरण द्यावे लागते. म्हणून आज आम्ही लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. पाण्याच्या पंपावर हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. पंपावर येण्यापूर्वी ते नांगरावर होते, आणि नांगरावरून ते एका मासिकावर गेले. हा प्रवास कसा झाला ते पाहू या.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही त्याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे जाणकार होते. मुलाने चांगले शिकावे ही त्यांची इच्छा, पण मुलाचे मन पुस्तकात नव्हते. त्याला चित्रे काढायची आवड होती, आणि यंत्र दिसले की ते कसे चालते हे पाहिल्याशिवाय चैन पडत नसे. वडिलांना चित्रकला हा काही पोटाचा धंदा वाटेना. थोरले बंधू रामूअण्णा मात्र पाठीशी उभे राहिले, आणि १८८५ साली सोळा वर्षांचे लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. त्यांचे रेखाटन उत्तम, परंतु काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखता येत नसत. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला रंगच ओळखू येऊ नयेत, याहून मोठे दुर्दैव कोणते? दुसरा कोणी असता तर गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी ज्यात रंग लागत नाही ते रेखाटन धरले, म्हणजे यंत्रांचे आराखडे. त्या विद्येच्या बळावर ते मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पगाराची नोकरी मिळाली, घरच्यांची काळजी मिटली. चरित्र इथेच संपायचे, परंतु मध्ये सायकल आली.

मुंबईच्या रस्त्यावर सायकल तेव्हा नवलाची वस्तू होती. लक्ष्मणरावांनी ती पाहिली, स्वतः चालवायला शिकले, आणि १८८८ साली सायकली घेऊन बेळगावला रामूअण्णांकडे पाठवू लागले. एका सायकलीची किंमत ७०० ते १००० रुपये पडे. साध्या कारकुनाची कित्येक वर्षांची ती कमाई! रामूअण्णा सायकल विकीत आणि १५ रुपये घेऊन ती चालवायलाही शिकवीत. हे शिकवणे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. ज्या गावात सायकल कोणी पाहिलेली नाही तेथे ती दुकानात टांगून काय उपयोग? आधी गिऱ्हाइकाला दोन चाकांवर तोल सांभाळता आला पाहिजे, मग तो पैसे मोजणार. माल विकण्याआधी त्या मालाची ओळख करून द्यायची ही रीत दोघा भावांनी बेळगावात उचलली, आणि पुढे ती घराण्यात मुरली.

इकडे मुंबईत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी अर्ज-विनंत्या करीत बसण्यापेक्षा राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले.

बेळगावच्या दुकानाशेजारी छोटासा कारखाना निघाला. प्रथम जनावरांसाठी कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. मग १९०३ च्या सुमारास लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर बनविला.

आपले पूर्वज जहाजात बसून या बेटावर आले तेव्हा त्यांनी मागे सोडलेल्या शेतात लाकडी नांगर चालत होता. तो नांगर गावचा सुतार करून देई, आणि त्याचे मोल सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने त्याच्या घरी पोचे. रोख पैशाचा त्यात संबंध नव्हता. शिवाय लाकडी नांगर जमीन ओरखडतो, पालथी घालीत नाही. घाटावरच्या काळ्या रानात हराळी आणि कुंदा हे तण इतके खोल मुळे रोवते की वरवरच्या नांगरटीने त्याला काहीच होत नाही. लोखंडी नांगर खोल जातो आणि मातीचा थर उलटा करतो, मुळे उन्हात पडतात आणि वाळतात. विलायती लोखंडी नांगर बाजारात आले होतेच. लक्ष्मणरावांचे म्हणणे असे की तोच नांगर आपल्या देशात, आपल्या बैलांना आणि आपल्या मातीला सोसेल असा का होऊ नये?

नांगर झाला, पण घ्यायला कोणी येईना. लोखंड जमिनीत गेले तर जमिनीला विष बाधेल अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षे लागली! वाचकहो, दोन वर्षे म्हणजे काय याचा विचार करा. कारखान्यात माल पडून आहे, कामगारांना पगार द्यायचा आहे, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो शेतकरी मान हलवून निघून जातो आहे. पुष्कळ लोक अशा वेळी शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होतात. आम्हांला शेतकऱ्याचे वागणे तितकेसे चुकीचे वाटत नाही. त्याची सगळी दौलत म्हणजे ती जमीन. एका यंत्रवाल्याच्या शब्दावर त्याने ती पणाला का लावावी? लाकडी नांगर मोडला तर सुतार दोन घरांपलीकडे राहत होता, लोखंडी मोडला तर कोणाकडे जायचे? ज्याने आधी घेतला त्याच्या शेतात पीक कसे उभे राहते ते पाहूनच शेजारी हात पुढे करणार. असा माल तोंडच्या स्तुतीने खपत नसतो. एका शेताने दुसऱ्या शेताला सांगावे लागते, आणि त्या सांगण्याला वेळ लागतो. लक्ष्मणराव तेवढा वेळ थांबले. नांगरात जे उणे दिसले ते सुधारीत गेले, आणि हळूहळू मागणी वाढू लागली.

मागणी वाढू लागली तोच पायाखालची जमीन गेली. कारखाना होता ती जागा बेळगावच्या नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी हवी होती. जागा सोडावी लागणार हे ठरले. लक्ष्मणराव तेव्हा चाळीशीत पोचलेले होते. पदरी यंत्रे, माणसे आणि कर्ज, आणि जायचे कोठे याचा पत्ता नाही. अशा वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या राज्यात येण्याचे निमंत्रण दिले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. सूर्यनमस्कारांचे ते मोठे पुरस्कर्ते म्हणून पुष्कळांना ठाऊक आहेत. कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जागा लक्ष्मणरावांना मिळाली. जागा म्हणजे निवडुंगाचे रान, नागांचे घर, आणि पाण्याचे दुर्भिक्ष. आगगाडी जवळ होती, एवढीच काय ती जमेची बाजू.

मार्च १९१० मध्ये पंचवीसेक कामगार आणि त्यांचे कुटुंबकबिले घेऊन लक्ष्मणराव तेथे उतरले. निवडुंग तोडला, साप मारले, पत्र्याच्या छपरांखाली संसार मांडले. त्याच सुमारास टाटांच्या पोलाद कारखान्यासाठी तिकडे जमशेदपूर उभे राहत होते. टाटांच्या मागे केवढे भांडवल, आणि इकडे काय होते? माणसे होती. ही माणसे कोण याची यादी मोठी मजेदार आहे. शंभूराव जांभेकर अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडून आलेले, त्यांच्या हाती यंत्रे दिली. अनंतराव फळणीकरांची शाळाच पुरी झालेली नव्हती, ते पुढे इंजिनिअर म्हणून नावाजले. के. के. कुलकर्णी हे गावात उपद्व्यापी समजले जात, त्यांच्याकडे बाहेरच्या जगाशी व्यवहार करण्याचे काम आले. हिशेब मंगेशराव रेगे यांच्याकडे होता. वसाहतीची आखणी आणि व्यवस्था, म्हणजे रस्ते, पाणी, दिवाबत्ती, रामूअण्णांनी सांभाळली, आणि त्यांचेही शिक्षण बेताचेच. रात्रीच्या पहाऱ्यावर कोण? दरोड्याबद्दल शिक्षा भोगून आलेले दोघे जण! त्यांच्या भरवशावर सारी वाडी निर्धास्त झोपत असे. या वसाहतीत शिवाशिव पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा कटाक्ष होता. १९१० साली एका खेड्याच्या माळावर ही गोष्ट बोलायला सोपी नव्हती, मग करायला तर नव्हतीच.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि विलायती नांगरांची आवक आटली. किर्लोस्करवाडीचा माल तयार होताच. पुढे उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, हातपंप असा पसारा वाढला. जानेवारी १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली.

आता मासिकाची हकीकत. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर चित्रकला शिकून आले होते. काकांना रंगांनी दगा दिला, पुतण्याने तेच रंग कारखान्याच्या कामाला जुंपले. जाहिरातीचे काम त्यांच्याकडे आले आणि १९२० साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्र काढले. हेतू अगदी व्यापारी होता. नांगर घेणारा शेतकरी आणि नांगर विकणारा दुकानदार यांना कारखान्यात काय चालले आहे ते कळावे, एवढाच. पण नुसत्या मालाच्या स्तुतीने चार पाने भरली तर पाचवे कोण वाचणार? शंकररावांनी हे ओळखले. शेती, उद्योग, नव्या कल्पना, गोष्टी, चित्रे असे सर्व काही त्यात येऊ लागले, आणि ज्यांना नांगराशी कर्तव्य नव्हते असे लोकही ते मागवू लागले. पुढे सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या आग्रहाने त्यातला ‘खबर’ हा परका शब्द गळला आणि नुसते ‘किर्लोस्कर’ उरले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे निबंध याच मासिकात आले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे निघाली. मुलींचे शिक्षण, विधवांचा प्रश्न, घरातली जुनी बंधने यांवर ‘स्त्री’ने जे लिहिले ते माजघरापर्यंत पोचले.

येथे थोडे थांबावेसे वाटते. आजकाल मोठमोठ्या कंपन्या आपल्या मार्क्याभोवती गोष्ट रचण्यासाठी तज्ज्ञ नेमतात आणि त्यावर भरपूर पैसा ओततात. वाडीच्या माळावर ते काम नांगरवाल्यांच्या पुतण्याने एका छापखान्यावर केले. फरक आम्हांला असा दिसतो की तेथे गोष्ट नंतर आली. आधी दोन वर्षे न विकला गेलेला नांगर होता, निवडुंग तोडून वसवलेली वाडी होती, पहारेकरी झालेले दरोडेखोर होते. शंकररावांना काही रचावे लागले नाही. मात्र त्यांनी ते सांगितले नसते तर घाटावरच्या एका लोहाराच्या भट्टीची हकीकत तिथल्या तिथेच राहिली असती, हेही खरे. माल चांगला असला की झाले, तो आपोआप खपेल, असे मानणारे आमच्यात पुष्कळ आहेत. आमचे दुकानदार बंधू रागावणार नसतील तर म्हणू, की पाटी रंगवून घेण्याचाही त्यांना आळस असतो.

लक्ष्मणरावांनी मुलांनाही एका जागी बांधून ठेवले नाही. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथून १९२६ साली पदवी घेऊन परतले. त्याच वर्षी वाडीत पाण्याचा पंप बनू लागला. नांगरावर नाव कमावलेल्या कारखान्याने नांगरापाशी अडून बसायचे नाकारले. १९४१ मध्ये हरिहरला यंत्रे बनविणारी यंत्रे, १९४६ मध्ये पुण्याला तेलावरची इंजिने आणि बंगळूरला विजेच्या मोटारी असा विस्तार झाला.

एक काळी घटना सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण होता म्हणून महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरादारांवर जमाव चालून गेले. किर्लोस्करवाडीवरही जमाव आला आणि कारखान्याला आग लावली. अडतीस वर्षांपूर्वी ज्या माळावर एक झाडही नव्हते तेथे उभे केलेले काम जळताना पाहण्याची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांचे वय अठ्ठ्याहत्तर होते. कारखाना पुन्हा उभा राहिला, पुन्हा भट्ट्या पेटल्या आणि माल बाहेर पडू लागला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. त्यांच्या जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. पुणे आणि मिरज यांच्यामधल्या त्या स्थानकाचे कुंडल रोड हे नाव केव्हाच मागे पडले. आता फलाटावरच्या पाटीवर किर्लोस्करवाडी असे लिहिलेले आहे, आणि गाडी तेथे थांबते.