डिंकाच्या खड्यातला हिशेब : पॉल फ्लोरी

यवतमाळकडून पैनगंगा ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात उतरले की सागवानाच्या रानात धावडा आणि कांडोळ ही झाडे दिसतात. गोंड आणि कोलाम कुटुंबे त्यांच्या खोडांवरचा डिंक पिढ्यानपिढ्या गोळा करीत आली आहेत. धावड्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवांत पडतो. कांडोळाचा डिंक पाण्यात टाकला तर तो अनेक पटींनी फुगतो, पण साखरेसारखा विरघळून जात नाही. दोन्हींचे रेणू फांद्या फुटलेल्या दीर्घ साखळ्यांचे असतात. असे महारेणू द्रवात केव्हा मिसळतात, केव्हा नुसते फुगतात आणि केव्हा वेगळे होऊन बसतात, याचा गणिती हिशेब मांडण्याची वाट ज्यांनी दाखवली, त्यांत पॉल जॉन फ्लोरी यांचे नाव अग्रभागी आहे.

फ्लोरी यांचा जन्म 19 जून 1910 रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या स्टर्लिंग गावी झाला. वडील धर्मोपदेशक व शिक्षक, आई शिक्षिका. इंडियानातील मँचेस्टर कॉलेज या लहानशा संस्थेत त्यांना रसायनशास्त्राची गोडी लागली आणि 1934 मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी ते ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटात दाखल झाले. नायलॉनचा शोध लावणाऱ्या याच गटात फ्लोरींनी एक रूढ समजूत खोडून काढली. साखळी लांबत गेली की तिच्या टोकाची क्रियाशीलता घटते, असे तेव्हा मानले जाई. ती बदलत नाही, हे गृहीत धरून त्यांनी साखळ्यांच्या लांबीचे वितरण संभाव्यताशास्त्राने काढून दाखवले. 1937 मध्ये कॅरोदर्स यांचा अकाली अंत झाला. पुढच्या वर्षी फ्लोरी सिनसिनाटी विद्यापीठात गेले.

1941 मध्ये त्यांनी शाखायुक्त रेणूंचा प्रश्न हाती घेतला. प्रत्येक सांध्यातून तीन फाटे फुटत असतील, तर एका सांध्यापासून निघालेला फाटा पुढच्या सांध्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता निम्म्यावर गेली की सारे मिश्रण एका अखंड जाळ्यात गुंफले जाऊ लागते, द्रवाचे जेल बनते. असे जाळे कोणत्याही द्रावकात विरघळत नाही, ते फक्त फुगते. किती फुगायचे, हे द्रावकात मिसळण्याची ओढ आणि ताणलेल्या साखळ्यांचा प्रतिकार यांच्या तोलावर ठरते.

1942 मध्ये फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स यांनी स्वतंत्रपणे द्रावणाचे ऊष्मागतिकी प्रतिमान मांडले. द्रावण म्हणजे घरांचा एक पट मानावा. द्रावकाच्या रेणूला एक घर, तर साखळीला एकमेकांस लागून असलेली शेकडो घरे लागतात. सुटे रेणू पटावर असंख्य प्रकारे मांडता येतात. साखळीचे दुवे मात्र एकमेकांना बांधलेले असल्याने मिसळल्याने मिळणारे स्वातंत्र्य फारच थोडे. त्यामुळे द्रावक आणि साखळी यांच्यातील अगदी किरकोळ नावडही द्रावण फुटण्यास पुरेशी ठरते आणि एक पातळ व एक दाट अशा दोन प्रावस्था समतोलात उभ्या राहतात. या प्रतिमानाला मर्यादाही होती. सरळ साखळी आणि फांद्यांची साखळी यांत ते फरक करीत नसे. ती उणीव भरून काढण्याचे काम पुढच्या पिढ्यांनी केले, पण पट फ्लोरी आणि हगिन्स यांचाच राहिला.

उद्योगांतील संशोधनानंतर 1948 मध्ये ते कॉर्नेल विद्यापीठात आले. तेथील व्याख्यानांतून 1953 चा त्यांचा पॉलिमर रसायनाचा ग्रंथ सिद्ध झाला आणि अनेक दशके तो या विषयाचा आधारग्रंथ राहिला. 1961 पासून ते स्टॅनफर्डला होते. 1974 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकट्या त्यांना मिळाले.

या मानाचा उपयोग त्यांनी स्वतःसाठी केला नाही. सोव्हिएत संघात आणि पूर्व युरोपात छळल्या जाणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी त्यांनी आपला शब्द खर्ची घातला. आंद्रेई साखारोव यांची पत्नी येलेना बॉनर यांना उपचारासाठी पश्चिमेकडे जाऊ द्यावे, त्या बदल्यात आपण ओलीस राहू, अशी तयारीही त्यांनी दाखवली. सोव्हिएत सरकारने उत्तर दिले नाही.

9 सप्टेंबर 1985 रोजी कॅलिफोर्नियातील बिग सर येथे फ्लोरी यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बॉनर उपचारासाठी अमेरिकेत पोहोचल्या. ते पाहायला फ्लोरी उरले नव्हते. बांधलेल्या दुव्याला स्वातंत्र्य किती थोडे मिळते, याचा हिशेब त्यांनी आयुष्यभर मांडला होता. माणसांच्या बाबतीत मात्र तो हिशेब त्यांनी कधी मान्य केला नाही.