पंजाबराव देशमुख

डॉ. पंजाबराव शामराव देशमुख (२७ डिसेंबर १८९८ – १० एप्रिल १९६५) हे वऱ्हाडातील शेतकरी चळवळीचे नेते, शिक्षणसंस्थापक, संविधान सभेचे सदस्य आणि केंद्रातील कृषिमंत्री होते. वऱ्हाडात ते भाऊसाहेब या नावाने ओळखले जात. शेतकऱ्याचे दारिद्र्य हा केवळ पावसापाण्याचा प्रश्न नसून कर्ज, बाजारभाव, शिक्षण, जात आणि राज्यकारभार यांच्याशी तो एकत्र गुंतलेला आहे, ही जाणीव त्यांच्या सर्व कार्यात दिसते.

पार्श्वभूमी

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला एकाएकी मागणी आली. रेल्वे आली, अमरावती, अकोला, खामगाव येथे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. ज्वारीच्या रानात कापूस पसरला, मात्र त्याचा भाव लिव्हरपूलच्या बाजारात ठरू लागला. शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा आला तसे सावकाराचे खातेही आले. बाजारातील मापापासून दलालीपर्यंतच्या फसवणुकीला आळा घालण्यासाठी १८८६ साली कारंजा येथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. हा देशातील अशा प्रकारचा पहिला बाजार मानला जातो. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदाही झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी पंजाबरावांचा जन्म झाला.

बालपण व शिक्षण

त्यांचे जन्मगाव अमरावती जिल्ह्यातील पापळ. आईचे नाव राधाबाई. घराण्याचे मूळ आडनाव कदम होते. देशमुखी वतनामुळे देशमुख हे नाव रूढ झाले. पापळ, चांदूर रेल्वे व कारंजा येथे शालेय शिक्षण झाल्यावर ते अमरावतीच्या हिंदू हायस्कुलातून मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९२० साली ते विलायतेस गेले. एडिंबरा व ऑक्सफर्ड येथे त्यांनी अध्ययन केले, बॅरिस्टरची परीक्षा दिली आणि वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहिला. तो १९३३ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. कुणब्याच्या मुलाने वेदांवर प्रबंध लिहावा, ही त्या काळातील वऱ्हाडात साधी गोष्ट नव्हती. १९२६ साली ते परतले.

सामाजिक कार्य

परतल्यावर त्यांनी अमरावतीत सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले. १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून जी चळवळ झाली, तिच्या पुढाऱ्यांत ते होते. त्यासंबंधी नोव्हेंबरात अमरावतीस भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्याच महिन्यात पंजाबरावांनी विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. विमलाबाई पुढे राज्यसभेच्या सदस्य झाल्या.

प्रांतिक मंत्रिपद व कर्ज लवाद

१९२८ साली ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा निर्णय याच काळातला. १९३० साली ते मध्यप्रांत व वऱ्हाडच्या कायदेमंडळावर निवडून आले आणि शिक्षण, कृषी आदी खात्यांचे मंत्री झाले.

मंत्रिपद आले ते नेमके जागतिक मंदीच्या तोंडावर. न्यूयॉर्क-लंडनच्या पेढ्या अडचणीत आल्या आणि अकोल्याच्या बाजारात कापसाचे भाव कोसळले. कर्जाचा आकडा मात्र जुन्या भावावर लिहिलेला, तो तसाच राहिला. जे कर्ज पूर्वी एका गाडीच्या कापसात फिटले असते, त्याला आता दोन गाड्याही पुरेनात. शेतकऱ्याचा यात काही दोष नव्हता, तरी जमीन त्याचीच जात होती. या परिस्थितीतून १९३३ सालचा कर्ज लवाद कायदा आला आणि त्यासाठी देशमुखांनी केलेले प्रयत्न वऱ्हाडात आजही आठवले जातात. ऋणको व धनको या दोघांना मंडळासमोर बोलावणे, हिशेब तपासणे, फेडता येईल एवढी रक्कम तडजोडीने ठरवणे व तिचे हप्ते बांधून देणे, अशी ही व्यवस्था होती. तिचा पाया तडजोडीचा असल्याने तिच्या मर्यादाही उघड होत्या. शिवाय जुने कर्ज कमी झाले तरी पुढच्या पेरणीला पैसा कोण देणार, हा प्रश्न उरलाच. तरीही भाव कोसळल्याचा सारा भार एकट्या कुळावर पडू नये, हे तत्त्व सरकारी कायद्यात आले ही मोठी गोष्ट होती.

देवस्थानांच्या संपत्तीचा विनियोग लोकोपयोगी कामांसाठी व्हावा, असे विधेयकही त्यांनी मांडले होते. ते संमत झाले नाही.

शिक्षणसंस्था

१९३२ साली त्यांनी अमरावती येथे श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. कर्जाचे कागद वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याला कोणताही कायदा तारू शकणार नाही, हे वकिलीत व मंत्रिपदावर त्यांनी पाहिलेच होते. संस्थेचे अमरावतीचे महाविद्यालय १९४६ साली, तर अकोल्याचे १९५४ साली सुरू झाले. विदर्भातील खेड्यापाड्यांतून तिच्या शाळा पसरल्या. शेतकरी घरांतील पहिल्या शिकलेल्या पिढीचा मोठा भाग याच शाळांतून बाहेर पडला.

संविधान सभा

संविधान सभेत त्यांनी अनेक दुरुस्त्या सुचवल्या. नागरिकत्वाची मसुद्यातील व्याख्या फार सैल आहे असे त्यांचे मत होते. अन्य देशाचा नागरिक नसलेल्या हिंदू व शीख व्यक्तीस भारताचे नागरिकत्व मिळावे, अशी त्यांची दुरुस्ती सभेने फेटाळली. अंबादेवीच्या चळवळीतील पंजाबरावांशी ही भूमिका जुळवून पाहणे अभ्यासकांना सोपे जात नाही. गौरवग्रंथांतून तिचा उल्लेख सहसा टाळला जातो. मागास जातींच्या संघटनेचे व त्यांच्यासाठी विशेष सवलतींच्या मागणीचे नेतृत्वही त्यांनी केले. विदर्भ व पश्चिम महाराष्ट्र यांचे दोन उपप्रांत असावेत असे सुचवणाऱ्या १९४७ च्या अकोला करारावर सह्या करणाऱ्यांत ते होते.

केंद्रीय मंत्रिपद

१९५२, १९५७ व १९६२ अशा तीन निवडणुकांत ते अमरावतीतून लोकसभेवर निवडून आले. १९५२ ते १९६२ या दशकात त्यांच्याकडे केंद्रात कृषी खाते होते. जयंतीच्या लेखांत त्यांना भारताचे पहिले कृषिमंत्री म्हटले जाते, ते काटेकोरपणे बरोबर नाही. त्यांच्यापूर्वी राजेंद्र प्रसाद, जयरामदास दौलतराम व कन्हैयालाल मुनशी यांनी अन्न व कृषी खाते सांभाळले होते. देशमुखांच्या काळातही रफी अहमद किडवाई, अजितप्रसाद जैन व स. का. पाटील हे क्रमाने त्या मंत्रालयाचे प्रमुख होते. या तपशिलाने त्यांचे काम उणे होत नाही.

१९५३ पासून जपानी पद्धतीच्या भातशेतीचा जो प्रचार झाला, त्यात त्यांचा पुढाकार होता. गादीवाफ्यावर रोपे, कमी बियाणे, ओळीत लावणी, भरपूर खत आणि कोळपणी, अशी ती पद्धत. यंत्रांपेक्षा नीटनेटक्या मेहनतीवर तिचा भर असल्याने लहान शेतकऱ्यालाही ती करून पाहता येत होती.

१९५५ साली त्यांनी भारत कृषक समाजाची स्थापना केली. कामगार व व्यापारी यांच्या देशव्यापी संघटना होत्या. शेतकऱ्याची मात्र तशी नव्हती. या समाजाने दिल्लीत भरवलेल्या जागतिक कृषी प्रदर्शनाच्या उद्घाटनास ११ डिसेंबर १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्यासह अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर उपस्थित होते. १९५६ च्या करारान्वये अमेरिकेचा गहू देशात येत असतानाच हे प्रदर्शन भरले होते. त्या गव्हाने शहरांतील टंचाई निभावली. देशी शेतकऱ्याच्या भावावर त्याचा किती परिणाम झाला, याविषयी अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

निधन व स्मारके

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. विदर्भासाठी स्वतंत्र कृषी विद्यापीठ अकोल्यास व्हावे म्हणून वऱ्हाडात आंदोलन झाले आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी ते तेथे स्थापन झाले. प्रथम पंजाबराव कृषी विद्यापीठ असलेले त्याचे नाव आता डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ असे आहे. अमरावतीत त्यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय १९८४ साली सुरू झाले. ते श्री शिवाजी शिक्षण संस्थाच चालवते.