बारा नियमांमागचा माणूस

डीबीएमएसच्या पेपरला कॉडचे बारा नियम येणार की नाही, यावर आमच्या हॉस्टेलमध्ये दरवर्षी पैजा लागतात. आले तर मार्क पक्के, म्हणून सगळ्याच जणी घोकतात. मीही घोकले आणि ओरलला एका दमात म्हणून दाखवले. एक्स्टर्नल सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की हे कॉड कोण, आणि त्यांच्यावर नियम करायची वेळ का आली? माझी बोलतीच बंद! बाहेर येऊन मैत्रिणींना विचारलं, तर त्याही गप्प.

ओरल संपली, विषय संपला, असं झालं असतं. पण मिनी प्रोजेक्टने कॉडसाहेबांशी परत गाठ घालून दिली. आमचा प्रोजेक्ट होता मेसचा हिशोब ठेवणारी वेबसाइट. ती आम्ही जँगो या पायथॉनच्या फ्रेमवर्कमध्ये केली. जँगोकडे डेटाबेसशी बोलणारी स्वतःची लायब्ररी आहे, तिला ओआरएम म्हणतात. आपण एसक्यूएल लिहायचंच नाही. टेबल म्हणजे क्लास, त्यातली एक ओळ म्हणजे ऑब्जेक्ट. विद्यार्थिनीच्या ऑब्जेक्टला खोली विचारली की खोली हजर! दहा नावांवर साइट झकास चालली. मग खरी ३२० नावं भरली आणि पान उघडायला नऊ सेकंद लागायला लागले. डेमो दोन दिवसांवर. लॉग उघडून पाहिला, तर एका पानासाठी डेटाबेसला ३२१ क्वेरी गेलेल्या! हे का झालं याचं उत्तर शोधता शोधता मी थेट १९७० सालात जाऊन पोचले. म्हणून आधी त्या माणसाची गोष्ट.

एडगर फ्रँक कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलँड बेटावरचा. सात भावंडांत ते शेंडेफळ. आई शाळेत शिकवायची. ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजात ते गणित आणि केमिस्ट्री शिकले. मधेच दुसरं महायुद्ध आलं, आणि हे रॉयल एअर फोर्समध्ये पायलट झाले. युद्ध संपल्यावर डिग्री पुरी केली आणि १९४८ मध्ये अमेरिकेत जाऊन आयबीएममध्ये प्रोग्रामर म्हणून लागले. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे अख्खी खोली व्यापणारं धूड होतं.

हा माणूस मुळात न पटलेली गोष्ट सोसणारा नव्हता. अमेरिकेत सिनेटर मॅकार्थी यांनी कम्युनिस्ट शोधण्याच्या नावाखाली लोकांमागे ससेमिरा लावला होता. कॉड यांना ते सहन होईना. १९५३ मध्ये त्यांनी सरळ देश सोडला आणि कॅनडात ओटावाला गेले. १९५७ मध्ये परत आले. आयबीएमच्या स्ट्रेच या मशीनवर एकाच वेळी अनेक प्रोग्राम कसे चालवायचे, यावर त्यांनी काम केलं. आणि मग चाळिशी ओलांडल्यावर, १९६५ मध्ये मिशिगन युनिव्हर्सिटीची पीएच.डी. घेतली! आम्हाला विसाव्या वर्षी सबमिशनचा कंटाळा येतो, ही गोष्ट वेगळी.

त्यानंतर ते कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या आयबीएम लॅबमध्ये आले. तिथेच खरी लढाई सुरू झाली. त्या काळी आयबीएमचा डेटाबेस होता आयएमएस. तो अपोलो चांद्रमोहिमेच्या लाखो सुट्या भागांची यादी सांभाळायला बनवला गेला होता. त्यात डेटा झाडासारखा रचलेला असायचा. वर एक मोठा भाग, त्याखाली छोटे भाग, त्याखाली आणखी छोटे. एखादी माहिती हवी तर प्रोग्रामरने वरून सुरुवात करायची आणि एकेका रेकॉर्डचा हात धरत खाली उतरायचं. रचना बदलली की वाट बदलली, आणि वाट बदलली की प्रोग्राम नव्याने लिहायचा. आणि हा अमुक स्क्रू कुठे कुठे वापरलाय, असा उलटा प्रश्न कुणी विचारला तर झालीच पंचाईत!

कॉड गणिताचे माणूस. त्यांनी म्हटलं, डेटा साध्या टेबलांत ठेवा. टेबल म्हणजे गणितातला सेट. दोन टेबलांचं नातं पॉइंटरने नाही, तर आतल्या किमतींनीच जुळू दे. वापरणाऱ्याने फक्त काय हवं ते सांगायचं. ते डिस्कवर कुठे आहे आणि कोणत्या वाटेने आणायचं, ते मशीनने ठरवायचं. हा विचार त्यांनी १९६९ मध्ये कंपनीच्या अंतर्गत रिपोर्टमध्ये मांडला आणि जून १९७० मध्ये एसीएमच्या मासिकात छापला. अकरा पानांचा पेपर! आपली नॉर्मल फॉर्म्सची सगळी डोकेदुखी त्याच विचारातून निघाली.

पण पिकतं तिथे विकत नाही. आयएमएसवर आयबीएमचे पैसे येत होते, मग त्याच्या मुळावर येणारी कल्पना कंपनी कशी उचलून धरेल? कॉड मात्र हटले नाहीत. त्यांनी आयबीएमच्या गिऱ्हाइकांनाच आपली कल्पना समजावली, आणि त्या गिऱ्हाइकांनी कंपनीकडे तगादा लावला. नोकरीत राहून कंपनीशी असं भांडायला काय धाडस लागत असेल! दुसऱ्या बाजूला चार्ल्स बाकमन हे मोठे नाव होते. त्यांना १९७३ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला होता. त्यांच्या मते प्रोग्रामर हा डेटाच्या समुद्रातला नावाडीच, त्यानेच वाट काढायची. १९७४ मध्ये ॲन आर्बरला भरलेल्या परिषदेत या दोघांच्या पक्षांची जाहीर जुगलबंदी झाली.

शेवटी आयबीएमने सिस्टिम आर नावाचा प्रयोग सुरू केला. त्यात डॉन चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी जी भाषा केली, तिचं पुढे एसक्यूएल झालं. पण प्रोजेक्टची सूत्रं कॉड यांच्याकडे नव्हती, आणि त्यांनी सुचवलेली अल्फा ही भाषाही घेतली गेली नाही. एसक्यूएल टेबलात एकसारख्या दोन ओळी चालवून घेते, हे त्यांना शेवटपर्यंत खटकलं, कारण सेटमध्ये तसं होऊच शकत नाही. त्यात आयबीएमचं वरातीमागून घोडं. छापलेले पेपर वाचून ऑरॅकलने १९७९ मध्ये आपला डेटाबेस बाजारात आणलासुद्धा! आयबीएमचा पहिला एसक्यूएल डेटाबेस आला १९८१ मध्ये. त्याच वर्षी कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

मग जो तो आपल्या जुन्याच डेटाबेसवर रिलेशनल अशी चिठ्ठी डकवून विकायला लागला. कॉड वैतागले. १९८५ मध्ये त्यांनी कॉम्प्युटरवर्ल्ड या साप्ताहिकात नियमांची यादी छापली. शून्यापासून बारापर्यंत, म्हणजे खरं तर तेरा नियम! ते नियम आपल्या पेपरसाठी नव्हते, ती खोट्या मालाविरुद्धची तक्रार होती. ओरलच्या प्रश्नाचं उत्तर मला असं उशिरा मिळालं. कॉड १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात वारले. वय ७९.

आता आमचे ३२१. मी विद्यार्थिनींची यादी मागितली, ती एक क्वेरी. मग लूप लावून प्रत्येकीला खोली विचारली. मी पुढे काय मागणार हे लायब्ररीला आधी कळत नाही, म्हणून ती दर वेळी नव्याने डेटाबेसकडे धावली, ३२० वेळा. म्हणजे मी नेमकी नावाडी झाले होते! एकेका रेकॉर्डचा हात धरून चालले होते. ज्या सवयीशी कॉड आयुष्यभर भांडले, तीच सवय मी त्यांच्याच टेबलांवर बसून परत आणली. उपाय एका शब्दाचा निघाला. सिलेक्ट रिलेटेड लिहिलं आणि लायब्ररीने जॉइन करून सगळं एका क्वेरीत आणलं. पुढे महिन्याच्या हजेरीवर इंडेक्स घातला, तेव्हा प्रोग्रामची एक ओळही बदलावी लागली नाही. घोकलेला आठवा नियम तेव्हा कुठे डोक्यात शिरला.

ही लायब्ररी तरी आपोआप सुधारली का? जँगो २००५ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या माल्कम ट्रेडिनिक यांनी तिचा एसक्यूएल तयार करणारा गाभा खोलून परत बांधला. आपल्यासारख्यांना तो कधी दिसतच नाही. २०१२ मध्ये प्रीफेच रिलेटेड आलं, म्हणजे एकीच्या अनेक नोंदी दोनच क्वेरींत. ट्रेडिनिक २०१३ मध्ये गेले, त्यांच्या नावाने जँगो फाउंडेशन पुरस्कार देतं. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ऑरॅकल या प्रत्येकाच्या एसक्यूएलचे नखरे वेगळे. ते सांभाळून आपला कोड तसाच चालू ठेवायचा, हे काम अशी माणसं वर्षानुवर्षं करतात. काय हवं ते सांगा, कसं ते आमच्यावर सोडा, हा कॉड यांचाच शब्द ती पाळत असतात.

असो. आमचा डेमो पार पडला, पान अर्ध्या सेकंदात उघडलं. मित्रमैत्रिणींनो, यंदाही बारा नियमांवर पैज लागेल, तुम्हीही घोकाल. घोका, पण एकदा लॉग उघडून आपल्या क्वेरी मोजा. तुम्ही मागताय की वल्हवताय, ते लगेच कळेल!

– टी. ई. कॉम्प्युटर