ताराबाई मोडक आणि आपली ओसरी

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा मी संकोचले. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंतचे. परंतु यंदा आपल्या मंडळात घरच्या घरी पाळणाघर चालविण्याचे वर्ग सुरू झाले, आणि तेथे पहिल्याच दिवशी कै. ताराबाई मोडक यांचे नाव कानी पडले. मिळाले तेवढे त्यांचे चरित्र मी वाचून काढले. त्यातले मनाला लागलेले आपणां भगिनींपुढे ठेवते.

ताराबाईंचा जन्म मुंबईस १८९२ साली झाला. माहेरचे आडनाव केळकर. घरचे वळण प्रार्थना समाजाचे, म्हणून मुलींच्या शिक्षणास आडकाठी नव्हती. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर त्या आपल्या वऱ्हाडात, अमरावतीस आल्या. पुढे संसार टिकला नाही. १९२१ साली त्या पतीपासून वेगळ्या झाल्या. त्या काळी अशा बाईकडे लोक कोणत्या नजरेने पाहत असतील, हे आपणांस सांगायला नको. त्या खचल्या नाहीत. राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी काम केले आणि १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाईंनी माँटेसरीबाईंच्या पद्धतीवर तेथे बालमंदिर चालविले होते. लहान मूल मारून नव्हे तर खेळून शिकते, हे ताराबाईंनी तेथे अनुभवले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला, आणि १९३६ साली दादरला शिशुविहार.

शहरात नाव झाले होते. सुखाने तेथेच राहता आले असते. पण महागडी साधने आणि फी परवडणाऱ्यांचीच मुले शिकणार, तर खेड्यातल्या मुलांचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. सोबतीला अनुताई वाघ आल्या. अनुताई बालपणीच विधवा झालेल्या, पण शिकून शिक्षिका झालेल्या.

बोर्डीस बालवाडी उघडली, तरी गरिबांच्या वस्तीतली मुले येईनात. तेव्हा ताराबाईंनी मुलांना वा आयांना दोष दिला नाही. मूल शाळेत येत नाही, तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, असे ठरविले. वस्तीत जाऊन मुलांना न्हाऊमाखू घालावे, नखे काढावीत, मग झाडाखाली गाणी, गोष्टी, खेळ. साधने म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने. हीच अंगणवाडी. १९७५ साली सरकारने देशभर योजना सुरू केली, तेव्हा हाच शब्द सर्वत्र गेला. तो पाहण्यास मात्र ताराबाई नव्हत्या. १९६२ साली पद्मभूषण मिळालेल्या या बाई १९७३ साली निवर्तल्या.

१९५७ साली त्यांचे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली लोकांत गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरविली. आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. कारण मोठी मुलगी शाळेत येत नसे ती कडेवरच्या भावंडामुळे. भावंड पाळण्यात ठेवले की ताईला पाटी धरता येते.

हे वाचले आणि माझे डोळे भरून आले. माझी शाळा सातवीत का सुटली? आई कापूस वेचायला जाई आणि धाकटा भाऊ माझ्या कडेवर असे. घरी कोणी रागावले नाही, कोणी शाळा सोड म्हटले नाही. पण एकेक दिवस चुकत गेला आणि नाव कमी झाले. ज्याला सांभाळले तो शिकला, याचा मला आनंदच आहे. परंतु तेव्हा शेजारच्या एखाद्या मावशीच्या ओसरीवर पाळणा असता तर!

आपल्या पांढरकवड्याच्या भोवती आजही वेचणीच्या दिवसांत बाया सकाळीच शेताची वाट धरतात आणि दिवस कलल्यावर परततात. अंगणवाडी काही तासच भरते. पुढचा दिवस कोणाच्या तरी ताईच्या माथी येतो. तेथेच आपल्या पाळणाघराचे काम आहे.

एक शंका मलाही होती. शेजारणीचे मूल सांभाळायचे आणि वर पैसे घ्यायचे, हे शोभते का? ताराबाईंच्या चरित्राने माझी शंका फिटली. मूल सांभाळणे हे शिकून करण्याचे काम आहे, म्हणूनच त्यांनी गावोगावच्या बायकांना त्याचे शिक्षण दिले. शिकून, वेळ देऊन, जबाबदारीने केलेल्या कामाचा मोबदला घेण्यात लाज कसली? मात्र तो वेचणीच्या मजुरीतून देता येईल एवढाच असावा.

माझी ओसरी मी सारवून ठेवली आहे. विहिरीला जाळी बसविली, चुलीकडचे दार बंद केले, सागरगोटे आणि चिंचोके डब्यात भरले. मात्र अगदी लहानग्यांच्या हाती ते देणार नाही, ते तोंडात घालतात. या वेचणीला चार मुलांपासून आरंभ करणार आहे. ज्यांच्या घरी मोठी मुलगी आहे, त्यांची लहानगी मी प्रथम घेईन.