विश्लेषण : चोरांना घाबरवणारा निळा रंग द्राक्षांचे औषध कसा ठरला?

मोरचूद, चुना आणि पाणी. द्राक्ष, संत्रा किंवा सुपारीची बाग असलेल्या गावात बोर्डो मिश्रण माहीत नाही असा शेतकरी सापडणे कठीण. फ्रान्समधील बोर्दो शहराचे नाव मिळालेले हे मिश्रण १८८५ मध्ये जगासमोर आणले ते वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर-मारी-अलेक्सी मिलार्दे यांनी. फळ टिकवायचे तर बुरशी शिरण्याआधी, ते झाडावर असतानाच संरक्षण द्यावे लागते, हा काढणीपूर्व फवारणीचा विचार त्यांच्या कामामुळे बागांपर्यंत पोहोचला.

मिलार्दे कोण होते?

त्यांचा जन्म १८३८ मध्ये पूर्व फ्रान्समधील झ्युरा भागात झाला. सुरुवातीला वैद्यकशास्त्र शिकलेले मिलार्दे पुढे वनस्पतिशास्त्राकडे वळले. जर्मनीत त्यांनी आंतोन द बारी या बुरशीतज्ज्ञाकडे धडे घेतले. नंतर ते स्ट्रासबर्गला प्राध्यापक झाले. १८७०-७१ च्या युद्धानंतर ते शहर जर्मनीकडे गेले. मिलार्दे आधी नान्सीला आणि १८७६ मध्ये बोर्दो विद्यापीठात आले.

तेव्हा द्राक्षबागांवर कोणते संकट होते?

अमेरिकेतून आलेला फायलोक्सेरा हा सूक्ष्म किडा वेलींची मुळे पोखरून बागा उद्ध्वस्त करत होता. अमेरिकी वेलींची मुळे त्याला दाद देत नसत. त्यामुळे अमेरिकी खुंटावर युरोपीय द्राक्षाचे कलम करावे, असे सांगणाऱ्यांत मिलार्दे आघाडीवर होते. पण अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर आणखी एक पाहुणा आला असावा. १८७८ मध्ये फ्रान्समध्ये डाऊनी मिल्ड्यू, म्हणजे आपल्याकडचा केवडा, आढळला. पाने गळू लागली, घड पिकेनासे झाले. एका संकटावरच्या उपायासोबत दुसरे संकट दारात आले होते.

रस्त्याकडेच्या वेलींत काय दिसले?

ऑक्टोबर १८८२. मेदोक भागातील सँ-झ्युलियाँ येथील द्यूक्रू-बोकायू या बागेतून मिलार्दे जात होते. आतल्या वेलींची पाने गळून गेली होती. रस्त्यालगतच्या वेली मात्र हिरव्यागार होत्या. त्यांच्या पानांवर निळसर पांढरा थर होता. चौकशी केल्यावर कळले, की वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुन्याचे पाणी शिंपडण्याची तिकडे पद्धत होती. ती विषारी दिसावीत, एवढाच हेतू.

असे दृश्य पाहणारे मिलार्दे पहिलेच नसतील. त्याची कारणमीमांसा करायला मात्र ते बसले. बागेचे व्यवस्थापक अर्नेस्त दाव्हिद यांनी शेतातील प्रयोग केले, तर रसायनशास्त्रज्ञ उलिस गायाँ यांनी प्रयोगशाळेची बाजू सांभाळली. १८८५ मध्ये मिलार्दे यांनी कृती प्रसिद्ध केली : १०० लिटर पाण्यात ८ किलो मोरचूद आणि ३० लिटर पाण्यात १५ किलो चुना कालवून दोन्ही एकत्र करणे. आज प्रचलित असलेल्या एक टक्का मिश्रणाला १०० लिटर पाण्यामागे प्रत्येकी एक किलो मोरचूद व चुना लागतो.

हे मिश्रण काम कसे करते?

केवड्याचे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या थेंबात फुटतात. त्यातून निघणारे पोहणारे सूक्ष्म बीजाणू पर्णरंध्रांतून आत शिरतात. थेंबात तांब्याचा अल्पसा अंश असला तरी ते मरतात. नुसत्या मोरचुदाने पाने करपतात. चुना त्याची आम्लता मारतो आणि थर पानाला चिकटवून ठेवतो. पण बुरशी एकदा आत शिरली की हा थर तिचे काही करू शकत नाही. म्हणून फवारणी आधी हवी, यावर मिलार्दे यांचा भर होता.

वाइनमध्ये तांबे उतरले का?

ही भीती खरी होती. लोक द्राक्षे खाणार, वाइन पिणार. औषधच विष ठरले तर? मिलार्दे आणि गायाँ यांनी फवारलेल्या द्राक्षांचा रस आणि वाइन तपासली. रस आंबताना जवळपास सगळे तांबे गाळासोबत खाली बसते, वाइनमध्ये नगण्य अंश उरतो, असे त्यांना आढळले. फवारणीसोबत अवशेषांची तपासणी हवी, हा पायंडा त्यातून पडला.

काढणीपूर्व फवारणीने फळ जास्त टिकते ते कसे?

पेटीत सडलेले फळ अनेकदा झाडावरच बाधित झालेले असते. आंब्याचा करपा कच्च्या फळाच्या सालीखाली दबून राहतो आणि आंबा पिकताना काळे डाग होऊन बाहेर येतो. द्राक्षातील करडी बुरशी शीतगृहातही वाढते. त्यामुळे फुलोरा आणि फळवाढीच्या काळातील संरक्षण काढणीनंतर उपयोगी पडते. या कामासाठी आज नवी बुरशीनाशकेही आहेत. बोर्डोचे डाग फळावर राहतात, म्हणून खाण्याच्या द्राक्षांवर काढणीच्या तोंडावर ते टाळले जाते. कोकण-गोव्यात मात्र सुपारीच्या कोळे रोगासाठी पावसाआधी बोर्डोचीच फवारणी होते.

मर्यादा कोणत्या?

तांबे जमिनीत नष्ट होत नाही, साठत जाते. त्यामुळे युरोपीय संघाने त्याचा वापर सात वर्षांत हेक्टरी २८ किलोपर्यंत मर्यादित केला आहे. इतर बुरशीनाशकांबाबतही शेवटची फवारणी आणि काढणी यांतील ठरलेले अंतर पाळावे लागते. नाही तर टिकाऊ फळही अवशेषांमुळे निर्यातीत नाकारले जाते.

मिलार्दे यांचे १९०२ मध्ये बोर्दो येथे निधन झाले. फवारणीचे श्रेय मिळाल्यावरही त्यांनी द्राक्षांच्या संकराचे काम सोडले नाही. कीड आणि रोगाला वेलीनेच तोंड द्यावे, हा त्यामागचा ध्यास होता. त्यांच्या संकरातून आलेला ‘४१ बी’ हा खुंट चुनखडीच्या जमिनीत आजही लावला जातो. फवारणी कमी करून फळ कसे वाचवायचे, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.